भोपळ्यातली कोंबडी

ज्या वर्षी कृष्णेला मोठा पूर आला, त्या वर्षी माझ्या दारात एक भोपळा वाहत आला आणि त्याच्या आत एक कोंबडी झोपली होती. जिवंत. भोपळ्याला देठाकडं एक भोक होतं, तिथून ती आत शिरली असणार. पण बाहेर यायला तिला जागा पुरेना, कारण आत बसून बसून ती जाड झाली होती. काय खाऊन, ते विचारू नका. मी करवतीनं भोपळा कापला, कोंबडी बाहेर आली, माझ्याकडं बघितलं आणि तिनं खर्जातला सा लावला.

ही गोष्ट मी मिरजेत दर्ग्यामागच्या गल्लीत, हमीदच्या चहाच्या गाड्यावर बावीस वर्षं सांगतोय. दर वर्षी कोंबडी थोडी जाड होते. मी दस्तगीर. तंबोरे करणं हा माझा धंदा आणि गोष्टी वाढवून सांगणं हा स्वभाव. गल्लीत कुणी काही फार मोठं बोललं तर लोक म्हणतात, 'दस्तगीरी नको करू.' तर माझ्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

त्या भोपळ्याचं मी एक वाद्य केलं, एवढं मात्र खरं. पोट भोपळ्याचं, मान गिटारची आणि घोडी तंबोऱ्याची. घोडी म्हणजे तारांखालची हाडाची चपटी पट्टी. तिला कानशीनं इतकी बारीक उतरण द्यायची, की तार छेडली की हाडाला घासत, कुजबुजत राहावी. त्या कुजबुजण्याला जवारी म्हणतात. मग तार आणि घोडीच्या मध्ये सुती दोऱ्याचा एक तुकडा सरकवायचा. नेमक्या जागी बसला तर तार बोलते, केसभर हलला तर मुकी होते. त्या दोऱ्याला आम्ही जीव म्हणतो.

हे असलं दोन जातींचं वाद्य कुणी घेईना. दहा वर्षं खुंटीला टांगून होतं. मग सांगलीची एक मुलगी आली, शर्वरी माळगावे, बारावीतली. तिनं ते काढून मांडीवर घेतलं, एक तार छेडली आणि बराच वेळ ऐकत बसली.

"चाचा, हे रडून झाल्यावर माणूस बोलतो तसं बोलतंय," ती म्हणाली.

मी वाद्याची किंमत सांगायची विसरलो.

*

शर्वरीचे, म्हणजे शरूचे, वडील बाळगोंडा माळगावे, तिचे अप्पा, सांगलीच्या एसटी स्टँडवर गाड्या पुकारायचे. तोवर बहुतेक ठिकाणी यंत्राचा आवाज आला होता, पण गाडी उशिरा येणार असली, फलाट बदलला, की माणूस लागतोच. अप्पा काचेच्या खोलीत बसून पुकारत. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सांगली-जत, फलाट क्रमांक चार.' सरळ माणूस. मी कोंबडीची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि विचारलं, "कोंबडी नंतर कुणाची झाली?" विनोद त्यांना कळत नसे असं नाही. त्यांना तो वेळापत्रकातल्या चुकीसारखा वाटे.

शरू शिकायला पुण्याला निघाली, त्या सकाळी मी वाद्याची घोडी घासून ते द्यायला स्टँडवर गेलो होतो. बस लागली, इंजिन चालू. शरू खोलीच्या खिडकीशी उभी. अप्पांनी माईक बंद केला, खिडकीतून वाकले आणि तिला काहीतरी म्हणाले. मी दोन हातांवर होतो. मग त्यांनी माईक चालू केला आणि तिचीच गाडी पुकारली.

अकरा दिवसांनी अप्पा हार्टनं गेले. मधल्या काळात फोनवर 'जेवलीस का' यापलीकडं बोलणं झालं नव्हतं.

दोन वर्षांनी तिनं एक गाणं केलं.

फलाट क्रमांक चार,
गाडी अजून लागली नाही.
नाव तुमचं पुकारलं मी,
माईकनं ओ दिली नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. ते गाणं लग्नात वाजलं, मयतीत वाजलं, ज्यांनी आयुष्यात एसटी बघितली नाही त्यांनी परदेशात बसून ऐकलं. माझ्या कारखान्यात टीव्हीवाले आले. त्या दिवशी तुम्ही होतात ना, वडील काय म्हणाले, असं त्यांनी विचारलं. कॅमेरा समोर होता, लाईट तोंडावर होता. मी म्हणालो, "अप्पा म्हणाले, पोरी, आजवर मी गाड्या पुकारल्या, आता जगानं तुझं नाव पुकारावं." महाराष्ट्र रडला. ते वाक्य रिक्षांच्या मागं रंगवलं गेलं.

अप्पा असलं काही बोलले नव्हते. रिक्षांवर वाचून शरूनं एकदाच माझ्याकडं बघितलं. काही विचारलं नाही.

*

चार वर्षं झाली. दुसऱ्या अल्बमची तारीख तीनदा पुढं गेली. मी तिच्या बरोबर फिरायचो, कारण ती घोडी दर महिन्याला घासावी लागे आणि ते माझ्याखेरीज कुणाला जमत नसे. एका कार्यक्रमाआधी ती आरशासमोर बसली होती.

"चाचा, अप्पांना मिशी होती का?"

"नव्हती. तुळतुळीत दाढी करायचे."

"मला मिशी दिसते."

गाण्याच्या व्हिडिओत अप्पांचं काम एका नटानं केलं होतं. त्याला मिशी होती.

"मी सहाशे वेळा ते गाणं म्हटलं," ती म्हणाली. "दर वेळी डोळे मिटून अप्पांना आणायचे. आता डोळे मिटले की तो नट येतो. फोनमधले फोटो बघते तर वाटतं, हे कोण."

नवी गाणी का होत नाहीत ते मला तेव्हा कळलं. विहीर आटली नव्हती. कुणीतरी तिच्यात सिनेमातलं पाणी भरलं होतं.

तिच्या कंपनीचा एक माणूस होता, शौनक. बोलायला गोड, सारखा मान डोलवणारा. त्यानं पुण्यातली एक मेंदूची प्रयोगशाळा शोधून काढली. शरू म्हणाली, चाचा आले तरच मी जाते. म्हणून मीही गेलो.

तिथले डॉक्टर नाफडे चाळिशीतले, पायांत स्लीपर. त्यांनी आम्हाला समजावलं ते असं. आपल्याला वाटतं आठवण म्हणजे ट्रंकेतला फोटो, काढला, बघितला, परत ठेवला. तसं नसतं. मेंदूतल्या हजारो पेशी एका जुळणीनं एकमेकींना घट्ट धरून बसतात, ती जुळणी म्हणजे आठवण. आठवण काढली की ती पकड सैल होते. पुन्हा घट्ट व्हायला मेंदू नवी प्रथिनं तयार करतो आणि त्याला साधारण सहा तास लागतात. त्या सहा तासांत आजूबाजूला जे असेल ते जुळणीत शिरतं आणि त्याच्यासकट ती बंद होते.

"म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही घडलेली गोष्ट आठवत नाही," नाफडे म्हणाले. "मागच्या वेळी आठवलेली आठवता."

"मिशी," शरू हळूच म्हणाली.

"घोडीसारखं आहे," मी म्हणालो. "तारेनं खाच पडते म्हणून कानस मारायची. आवाज परत येतो, पण दर वेळी थोडं हाड जातं."

नाफड्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मला बरं वाटलं.

त्यांनी एक टोपी केली होती, कपाळापासून मानेपर्यंत बसणारी. ज्या आठवणी एकदा बसल्या आणि नंतर कधीच निघाल्या नाहीत, त्या झोपेत एका वेगळ्या लयीत स्वतःशी पुटपुटतात, असं ते म्हणाले. टोपी दोन रात्री ते पुटपुटणं ऐकते आणि नकाशा करते. मग हलके हलके ठोके देऊन त्यातली एक उघडते. आठवण येते ती कालची असावी तशी, वासासकट.

"उघडून गप्प पडून राहिलात, सहा तास काही केलं नाहीत, तर जवळजवळ होती तशी मिटते," नाफडे म्हणाले. "पण त्या वेळात गाणं केलंत, तर ती गाणं होऊनच मिटेल. नीट विचार करा."

शरूच्या नकाशावर अप्पांचे नऊ ठिपके निघाले.

"नऊ," शौनक म्हणाला. "अल्बमला नऊच लागतात."

*

पहिल्या दिवशी ती टोपीतून उठली तेव्हा तिचा चेहरा दहा वर्षांच्या मुलीचा होता. मी शेजारच्या खोलीत वाद्य जुळवत होतो. ती माझ्याजवळ जमिनीवरच बसली.

"चाचा, माझं भूगोलाचं पुस्तक भिजलं होतं. अप्पांनी एकेक पान इस्त्री केलं. रुमाल घालून, शर्टाची कॉलर करतात तसं. नद्यांच्या नकाशावर इस्त्री जास्त वेळ राहिली, गोदावरी जळली. अप्पा म्हणाले, राहू दे, आपली कृष्णा आहे. चाचा, खोलीत जळक्या कागदाचा वास आहे. तुम्हाला येत नाही?"

मी दोरा सरकवला, तार बोलली, आणि दुपारपर्यंत गाणं झालं. मी पुष्कळ गवई बघितलेत. असलं गाणं ऐकलं नव्हतं. शौनक बाहेर जाऊन नाक शिंकरून आला.

दर पंधरा दिवसांनी एक. रिकाम्या स्टँडवर पहाटे 'शरू, शरू, एक दोन तीन' म्हणून माईक तपासणारे अप्पा. शेंगा फोडून दाणे जत, विटा, तासगाव अशा रांगांत लावणारे अप्पा. शाळेच्या गॅदरिंगला पहिल्या रांगेत बसून झोपलेले आणि टाळ्या ऐकून दचकून 'फलाट क्रमांक दोन' म्हणालेले अप्पा. पाचव्या गाण्याच्या वेळी शेजारच्या इमारतीत भिंत फोडायचं काम चालू होतं. नंतर शरू सांगायला लागली, अप्पा सायकल दुरुस्त करत होते तेव्हा मागं कुठंतरी ड्रिल चालायचं. मी हसलो. त्या हसण्याची मला आता लाज वाटते, कारण तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आठ गाणी झाली. एकदा कोल्हापूरच्या रस्त्यावर गाडीत मी सहज म्हणालो, "गोदावरी जळली ते मात्र झकास."

"कसली गोदावरी?"

"भूगोलाच्या पुस्तकातली. अप्पांनी इस्त्री केलेलं."

"इतिहासाचं पुस्तक होतं. गाण्यात आहे की."

गाण्यात तिनं यमकासाठी इतिहास केला होता, माझ्यासमोर. "पोरी, गाण्यात इतिहास आहे. घरात भूगोल होता. तूच सांगितलंस मला, नद्यांचा नकाशा, आपली कृष्णा आहे म्हणाले..."

ती माझ्याकडं फार मायेनं बघून हसली. "चाचा, तुम्ही आता अप्पांच्याही गोष्टी वाढवायला लागलात."

उभ्या आयुष्यात त्या एका गोष्टीत मी शब्दसुद्धा वाढवला नव्हता. पण खिशात खरा पैसा असून काय उपयोग, दुकानदार आपली खोटी नाणी ओळखून असला तर.

*

नवव्या ठिपक्याजवळ ती येऊन थांबली. तो स्टँडवरच्या सकाळचा होता.

"तो मी मुद्दाम कधी काढला नाही," तिनं मला सांगितलं. आम्ही प्रयोगशाळेच्या गच्चीवर ऊन खात बसलो होतो. "अप्पा गेल्यावर जिथं तिथं गाड्या पुकारलेल्या ऐकू यायच्या, पण खिडकीशी आले की मी दुसरीकडं बघायचे. ते काय म्हणाले ते माझ्यात आहे. न बघता ठेवलंय."

"मग राहू दे."

"शौनक म्हणतो हेच सगळ्यात मोठं गाणं होईल."

"शौनकच्या बापाचं काय जातंय."

"शौनकचं सोडा. मला विचारा. आई म्हणते, मी स्टँडवर नव्हते बाई. म्हणजे मी एकटीच. न उघडलेली आठवण आणि नसलेली आठवण यांत मला फरक सांगा. उद्या मी गाडीखाली आले तर ती तशीच जाणार. गाणं झालं तर निदान लोकांच्या तोंडी राहील."

"पण तुझी राहणार नाही."

"नाही राहणार." मग तिनं तोंड माझ्याकडं वळवलं. "एक मार्ग आहे. तुम्ही होतात तिथं, दोन हातांवर. टीव्हीवर सांगितलंत ते खोटं, ते मला तेव्हाच कळलं. अप्पा तसं बोलत नसत. खरं काय म्हणाले ते सांगा. मग मी टोपी घालणार नाही. तुमचं ऐकलेलं जपेन. देवाची शपथ."

मी तोंड उघडलं.

टीव्हीवर सांगितलेलं वाक्य आलं. त्याच्या खाली हमीदच्या गाड्यावर सांगितलेलं आलं, ते वेगळं होतं. त्याच्या खाली दर्ग्याच्या उरसात एका गवयाला सांगितलेलं. त्याखाली माझ्या लेकीला. प्रत्येक ठिकाणी अप्पा खिडकीतून वाकतात, ओठ हलतात आणि माझं काहीतरी बोलतात. मी खोल खोल गेलो. तळाशी नुसतं बसचं इंजिन चालू होतं.

नाफड्यांनी समजावलं होतं, घोडीचा दाखला मीच दिला होता, आणि माझं हाड कधी संपलं ते मला कळलं नव्हतं.

"सांगा ना."

"नाही सांगता येत, पोरी. मी त्याच्यावर इतक्या वेळा कानस मारली की काही उरलं नाही."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्या शालीचं टोक सारखं केलं. "म्हणजे एकच जागा राहिली," ती म्हणाली आणि कपाळावर बोट टेकलं. "गुरुवारी उघडते."

*

गुरुवारी सकाळी दहाला तिनं टोपी घातली. मी शेजारच्या खोलीत वाद्य घेऊन बसलो. सव्वादहाला काचेतून बघितलं तर ती उठून बसलेली, दोन्ही हात तोंडावर, डोळ्यांतून धारा. हसत होती की रडत होती ते मला काचेतून कळेना. ती बोलली नाही. सुरात येईपर्यंत बोलायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. तिनं काचेवर बोट आपटून मला वाद्याची खूण केली.

पन्नास वर्षांत मी घोडीवर एकही चुकीची कानस मारली नव्हती. त्या दिवशी मारली. आडवी, खोल. मग दोरा ओढून खिशात टाकला. ती आत येऊन बसली, तार छेडली, आणि तार लाकडासारखी वाजली.

तिनं माझ्याकडं बघितलं.

"हाड चिरलं," मी म्हणालो. "म्हातारा हात. करतो नीट. थोडा वेळ लागेल."

किती, असं तिनं भुवयांनी विचारलं. तिला त्याच वाद्यावर हवं होतं, दुसऱ्या कशावर तिचा आवाज निघतच नसे, हे मला माहीत होतं. मी घोडी काढून कानस घेतली आणि हळूहळू घासायला लागलो. तीन-चार मिनिटांनी ती स्वतःशी गुणगुणायला लागली. ओठांतल्या ओठांत, पहिली ओळ शोधत.

तेव्हा मी सुरुवात केली. "शरू, ज्या वर्षी कृष्णेला मोठा पूर आला..."

तिनं हातानं गप्प राहायची खूण केली. मी गप्प राहिलो नाही. भोपळा आला, कोंबडी आली, कोंबडीनं सा लावला. मग जे तोवर कधी सांगितलं नव्हतं ते सांगायला लागलो. कोंबडी भोपळ्यात परत जायचा हट्ट धरते. अंडं घालते ते सुरात घालते. मिरजेतले गवई तिच्यापुढं तंबोरे जुळवायला रांग लावतात. अकराच्या सुमारास शरूच्या ओठाचा कोपरा हलला. बाराला ती म्हणाली, "चाचा, पुरे," आणि हसली. जेवण आलं, साबुदाणा वडे आले, मी खाता खाता बोलत होतो. दोनला माझा घसा बसला. कोंबडीच्या करामती संपत आल्या आणि ती पुन्हा खिडकीबाहेर बघून गुणगुणायला लागली. मी घाबरलो. घाबरलेला माणूस हाताशी असेल ते उचलतो.

"मग ती कोंबडी सांगली स्टँडवर गेली," मी म्हणालो.

शरूनं वळून बघितलं.

"तुझ्या अप्पांच्या खिडकीशी. म्हणाली, जतला जायचंय. अप्पांनी चष्मा पुसला. विचारलं, सामान किती? म्हणाली, एक भोपळा. अप्पा म्हणाले, भोपळ्यात कोण? म्हणाली, मीच. अप्पांनी माईक घेतला..." मी अप्पांचा आवाज काढला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. भोपळा जपून न्यावा, आत कोंबडी आहे."

शरू हसली. डोकं भिंतीला टेकून, पोट धरून हसली. इतकी हसली की मला पुन्हा सांगावं लागलं, मग आणखी एकदा, अप्पांच्या आवाजात. चार वाजून वीस मिनिटांनी मी कानस खाली ठेवली. मला वाटलं, जिंकलो. शौनकच्या हातून, गाण्याच्या हातून, मी एक आठवण सोडवून आणली होती. दस्तगीरची बडबड एकदा तरी कुणाच्या कामी आली.

शरू दमून खुर्चीतच झोपली. नाफडे स्लीपर घासत आले.

"गाणं झालं?"

"नाही झालं," मी म्हणालो. छाती बहुतेक पुढं काढली असेन.

"मग सहा तास काय केलं तिनं? पडून होती?"

"छे. मी गोष्टी सांगितल्या."

नाफडे खाली बसले. "कसल्या गोष्टी?"

मी सांगितलं. ते ऐकत होते आणि मी सांगता सांगता हळू होत गेलो. खिडकी. माईक. अप्पांचा आवाज. कोंबडीच्या ठिकाणी मला ड्रिल ऐकू आलं, भिंत फोडणारं, पाचव्या गाण्यातलं.

"चाचा," नाफडे म्हणाले, "मी म्हणालो होतो, त्या वेळात जे असेल ते."

"मला वाटलं, गाणं."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि मग तिला जाग येईल म्हणून दिवा बारीक केला.

*

अल्बम आठ गाण्यांचा निघाला. लोकांना आवडला, पहिल्यासारखा नाही. शौनक दुसऱ्या एका मुलाच्या मागं लागला. शरूनं मुंबईचं घर सोडलं. आईजवळ सांगलीत राहते, सकाळी मुलांना गाणं शिकवते.

माघात एक दिवस अकराच्या सुमारास ती माझ्या कारखान्यात आली, वाद्य घेऊन. ती आडवी कानस भरून काढायला नवी घोडी बसवावी लागणार होती. उंटाचं हाड मी आधीच घासून ठेवलं होतं. ती स्टुलावर बसून बघत राहिली.

"चाचा, मी ते गाणं करणार नाही. नववं. ते मी ठेवलंय."

"बरं केलंस."

"तुम्हाला सांगू, काय म्हणाले अप्पा?"

माझ्या हातातली कानस थांबली. मी ती पुन्हा चालू केली.

"मी खिडकीशी उभी होते," ती म्हणाली. "बस चालू. अप्पांनी माईक बंद केला. खिडकीतून वाकले. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलणार, नीट राहा, अभ्यास कर. त्यांनी तुमच्या वाद्याकडं बघितलं, भोपळ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, शरू, जपून ने, आत कोंबडी आहे."

ती हसायला लागली, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागली.

"जन्मभर एक विनोद केला नाही त्या माणसानं, चाचा. शेवटचा शब्द बोलायची वेळ आली तेव्हा केला. माझ्यासाठी. मी रडू नये म्हणून. असं एक ऐकलं की माणसाला जन्मभर पुरतं."

बाहेर हमीदच्या गाड्यावर कपबशा वाजत होत्या. मी फुंकर मारून हाडाचा भुगा उडवला.

"कधी कधी मात्र भीती वाटते," ती म्हणाली. "की मीच कुठनं तरी आणलं असेल. तुम्ही होतात तिथं. तुम्हाला आठवत नाही म्हणालात, पण आता मी सांगितल्यावर आठवतंय का बघा. असंच म्हणाले ना?"

मी तळाशी गेलो. इंजिन चालू होतं. खिडकी होती. अप्पा वाकले, तुळतुळीत दाढीचे, आणि त्यांचे ओठ हलले. त्यांनी त्या पोरीला खरोखर काय दिलं होतं ते या दुनियेत दोघांकडं होतं. एकानं ते गाड्यावर उधळलं आणि दुसरीचं त्याच एकानं पुसलं.

"हो," मी म्हणालो. "असंच म्हणाले."

ती वाट बघत होती. मी पुढं काहीतरी लावीन, कोंबडीचा रंग, भोपळ्याचं वजन, असं तिला वाटलं असावं. मी काही लावलं नाही. इतकी लहान गोष्ट मी जन्मात सांगितली नव्हती. तिनं एकदा मान हलवली आणि तिचा खांदा खाली आला, ओझं उतरवल्यावर येतो तसा.

मी घोडी चिकटवली, तारा चढवल्या. खिशात तोच दोरा होता, त्या गुरुवारचा. तो तारेखाली सरकवत, ऐकत, सरकवत गेलो. माझे कान आता म्हातारे झालेत. शरूच म्हणाली, "इथं. इथं बोलली."

हमीद अजून विचारतो, चाचा, ती कोंबडीची सांगा की. मी म्हणतो, ती माझी नव्हे रे, ती माळगावे अप्पांची. लोकांना वाटतं, म्हातारा नवीन काहीतरी रचतोय. आणि हे सगळं मी लिहून काढलं ते का, तर कुठंतरी ते एकदा जसंच्या तसं असावं म्हणून. शरूच्या हाती पडलं तर? पडू दे. ती पहिलं पान वाचेल, हसेल आणि आईला म्हणेल, चाचांनी बघ आता अप्पांची कोंबडीसुद्धा स्वतःच्या नावावर लावून घेतली.